मी गुरुजींचा सत्कार केला

शाल अंगावर पडली की मला आधी घाम येतो आणि मग झोप. आमच्याकडे सत्कार उन्हाळ्यातच का करतात, हे कोडं पंचाहत्तरी उलटली तरी मला सुटलेलं नाही. वैशाखाचं ऊन मंडपाच्या पत्र्यातून गळत असतं, माईक कुईं करत असतो, आणि कोणीतरी मोठ्या हौसेनं माझ्या खांद्यावर लोकर चढवतो. मी हसतो. फोटोवाला म्हणतो, 'सर, अजून एकदा.' मी अजून एकदा हसतो. आजवर अशा चौदा शाली मिळाल्या आहेत. एक कसरीनं खाल्ली, एक पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या सीटवर गेली, बाकीच्या सूनबाई डांबरगोळ्या घालून सांभाळते, जणू मी गेल्यावर त्यांचं संग्रहालय होणार आहे. सोबत मानपत्रंही आहेत. त्या सगळ्यांत एक ओळ हमखास असते, 'सरांचा हजेरीपट म्हणजे स्वच्छ आरसा.' ती ओळ आली की मी खाली पायांकडे बघतो. लोकांना वाटतं, सर किती विनम्र.

मागच्या महिन्यात दोन तरुण मास्तर घरी आले. मोलगीकडच्या एका पाड्यावर शिकवणाऱ्या बाईंचा सत्कार ठरला होता, आणि मानपत्र माझ्याकडून हवं होतं. 'सर, मानपत्रात तुमचा हात धरणारं कोणी नाही,' ते म्हणाले. मी मनात म्हटलं, बाळांनो, साठ वर्षांपूर्वी कोणी माझा हात धरला असता तर फार बरं झालं असतं. मग मी त्यांना दीड पान विशेषणं लिहून दिली. त्यागमूर्ती, ज्ञानगंगा, चंदन, दीपस्तंभ. त्यात एकही खरं वाक्य नव्हतं. पोरं खूश होऊन गेली. दार लावून मी खाटेवर पडलो, आणि लहानपणचे आमचे निंबा गुरुजी तपकिरीच्या वासासकट खोलीत येऊन बसले.

निंबा गुरुजी आमच्या तापीकाठच्या गावात कुठून आले, हे मला कधी कळलं नाही. मला कळू लागलं तेव्हा ते होतेच, जसा शाळेपुढचा निंब होता. अंगानं वाळकी काडी, डोक्याला टोपी, कोटाच्या खिशात तपकिरीची डबी, आणि हातात बारमाही छत्री. गुडघ्यांनी अधू झालेल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन ते मारुतीमागच्या एका खोलीत राहत. सकाळी पाढे सुरू झाले की आवाज नदीपर्यंत जायचा. काठावर धुणं आपटणाऱ्या बायका पोरांच्या तेरा सत्तेवर पिळा द्यायच्या, आणि पोरं चुकली की धोपटणं थांबायचं. माझी माय एक अक्षर शिकली नाही, पण तिला एकोणतिसाचा पाढा येत असे. तो मला अजून येत नाही. शाळेच्या उंबऱ्याच्या आत गुरुजी पुस्तकातली मराठी बोलत, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की अहिराणी. आणि डोंगराकडच्या पोरांशी त्यांच्या घरची बोली, मोडकीतोडकी, जिला ती पोरं पोट धरधरून हसत. हसली की मग त्यांना शिकवत.

डोंगराकडची पोरं म्हणजे सालदारांची. सातपुड्यातनं उतरून भिलांची कुटुंबं आमच्याकडे वर्षाच्या बोलीनं शेतात राहत, आणि गुरुजी त्यांच्या झोपड्यांत जाऊन पोरं काढून आणत. आमच्या सालदाराचा दित्या माझ्याच वर्गात होता. गणितात माझ्या पुढे, झाडावर चढण्यात माझ्या पुढे, आणि खोटं बोलण्यात मात्र फारच मागे. होळी आली की ही सगळी पोरं आईबापांसोबत गायब व्हायची. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार, मग काठी गावची होळी, मग नवस फेडणं. घरातल्या कोणी ना कोणी बुध्या व्हायचं व्रत घेतलेलं असायचं. अंगभर राखेची नक्षी, कमरेला भोपळे, डोक्यावर बांबूचा उंच टोप, आणि दिवसेंदिवस पाणी अंगाला लावायचं नाही. दित्या परत यायचा तेव्हा त्याच्या कानामागे पांढरे ठिपके तसेच राहिलेले असत. गुरुजी कान धरून बघत आणि म्हणत, 'ही नक्षी राहू दे. हात तेवढे धुऊन ये, वहीला राख लागेल.'

पण पंधरा-वीस दिवस पोर शाळेत नाही म्हणजे नियमानं नाव पटावरून कमी. एकदा कमी झालं की परत घालायला बापानं यायचं, अर्ज करायचा, अंगठा उठवायचा. कोणता बाप येणार? तो म्हणायचा, सुटलं ते बरं, म्हशी राखायला कोणी नाहीच. तर गुरुजी काय करत? हजर पोरापुढे शाईची तिरपी रेघ असते आणि गैरहजरापुढे 'गै'. गुरुजी काठीला गेलेल्या पोरांपुढे रेघच ओढत, आणि तिच्याखाली शिसपेन्सिलीनं एक बारीक टिंब देत. पोर परतलं की दर रविवारी आणि रोज पाढ्यांच्या आधी ते त्याला वेगळं बसवत. बुडालेला एक दिवस भरला की खोडरबरानं एक टिंब खोडायचं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हजेरीपटात एकही टिंब उरत नसे. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, आणि कोणी तिच्याबद्दल बोलत नसे. दित्या सातवीची फायनल पास झाला तो त्या टिंबांवर. मी पास झालो तो दित्याच्या पाटीवर नजर ठेवून, हेही आता सांगायला हरकत नाही.

सत्काराच्या त्या उन्हाळ्यात मी शहाद्याहून मॅट्रिकची परीक्षा देऊन आलो होतो. निकाल लागायचा होता, मिसरूड फुटायची होती, आणि निबंधात बक्षीस मिळाल्यामुळे माझं डोकं फुटायचं तेवढं बाकी होतं. मी गावात उपमा देत फिरायचो. विहिरीवर बैल दिसले तर म्हणायचो, 'हे कर्मयोगी.' बैलांनी मनावर घेतलं नाही. घरात आखाजीची धांदल होती. निंबाच्या फांदीला झोके बांधलेले, दोरांचा करकर आवाज दिवसभर, सासरहून आलेल्या पोरींची गाणी, आणि आमच्या अंगणात चुलीवर पालथं खापर. माय पुरणाचा मांडा हातांवर झेलत झेलत थेट कोपरापर्यंत मोठा करायची आणि अलगद खापरावर टाकायची. मागच्या खोलीत पेंढ्यात आंबे पिकत होते, आणि त्या वासानं अख्खं घर जड झालेलं. मी ओसरीवर टाक-दौत घेऊन बसलो होतो, कारण गावानं माझ्यावर एक मोठी कामगिरी सोपवली होती.

तोवर आमच्या गावात सत्कार व्हायचा तो पोळ्याला बैलांचा. पण शाळेला तिसरी खोली बांधून झाली, तिच्या उद्घाटनाला दिपोटी साहेब, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. तेवढ्यात कोणीतरी बातमी आणली की पलीकडच्या गावानं आपल्या मास्तरांना फेटा बांधून गाडीतून मिरवलं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, शाळा कमिटीचे चेअरमन. ते कमिटीत म्हणाले, "त्यासनी मास्तरना सत्कार कया, मंग आपन मांगे कसाले ऱ्हावानं? आपला मास्तर काय कमी शे?" तर ठरलं. फेटा, शाल, नारळ, सजवलेली बैलगाडी, कर्ण्याचा भोंगा तळोद्याहून भाड्यानं, आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. लिहिणार आणि वाचणार मी. आबांनी एकच अट घातली. ज्याचा मान त्याला मानपत्र आधी दाखवायचं नाही. "ववाळनीमा काय शे, हाई आधी कोन्ही सांगस का?" असं त्यांचं म्हणणं. गावानं माना डोलावल्या. पहिलाच सत्कार, पण रीत जणू बापजाद्यांपासून चालत आलेली.

मी पलीकडच्या गावाचं मानपत्र मिळवून वाचलं. सगळी विशेषणं. मला हसू आलं. म्हटलं, मी असं लिहिणार नाही, मी जिवंत लिहिणार, माणूस समोर उभा करणार. आणि मी टिंबांबद्दल लिहिलं. चांगलं लिहिलं हो, उगीच का खोटं बोलू. आबांना वाचून दाखवलं तर ते उपरण्यानं डोळे पुसायला लागले. कमिटीतल्या चौघांनी 'वा, वा' केलं. सगळ्यांना ते माहीतच होतं, आणि त्यात चूक काही आहे असं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. खापराशी बसलेली माय तेवढी हात थांबवून म्हणाली, "का रे, मास्तर हाई काम गुपचूप करस ना?"

"हां, मंग?"

"मंग गुपचूपनी गोट तू भोंगावर कसाले सांगी ऱ्हायना?"

"माय, तुले काय समजस!" मी म्हणालो. मॅट्रिकला बसलेलो मी. मायनं मांडा उलटवला. एका बाजूनं थोडा करपला होता. तो तिनं माझ्या ताटात वाढला.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी छत्री टेकत गुरुजी आमच्याकडे आले. ते दुपारी कोणाच्या घरी जात नसत. मायनं रसाची वाटी पुढे केली. त्यांनी ती हातात धरून ठेवली. मी कागद मांडीखाली सरकवला आणि गालातल्या गालात हसलो.

"काय लिखी ऱ्हायना, यशवंता?"

"ते तुमले सांगानं नही, गुरुजी. आबांनी बंदी शे."

"बरं, बरं." त्यांनी तपकिरीची डबी काढली, न उघडता परत ठेवली. "साधं लिख, भाऊ. ज्ञानना सागर लिख, चंदनमायक झिजनात लिख. लोकेसले गोड लागस, अन् कोन्हं नुकसान नही व्हस."

मला वाटलं, किती हा विनय! जाताना पायरीवर छत्री उघडता उघडता ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळामजारनी गोट शाळामाच ऱ्हाऊ दे, बरं का." मी मोठ्यानं 'हो गुरुजी' म्हणालो. ते वळणावरून दिसेनासे झाले, तसा मी कागद काढला आणि टिंबांचा तो परिच्छेद जाड निबाच्या टाकानं पुन्हा गिरवला. आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, काही हौसेनं, काही सवयीनं. पण इतक्या सुंदर अक्षरात केलेला हा एकच.

सत्कार सकाळी उन्हाच्या आधी ठरला आणि दस्तुराप्रमाणे ऊन डोक्यावर आल्यावर सुरू झाला. आमच्या बैलांच्या शिंगांना बेगड लावला होता. गाडीत गुरुजी फेटा बांधून बसले होते, आणि फेट्याखाली त्यांचा चेहरा एवढासा दिसत होता. दित्या गाडीपुढे ढोल वाजवत होता. काकूंना चालवत नव्हतं, म्हणून दोघींनी खुर्चीवरून आणून निंबाखाली बसवलं. अख्खं गाव, शेजारची दोन गावं, पुढच्या रांगेत तालुक्याची माणसं. दिपोटी साहेब म्हणजे एक पोक्त, दमलेले गृहस्थ होते. जाड भिंगांचा चष्मा, आणि चेहऱ्यावर कायम बस चुकल्यासारखा भाव. मी उठलो, घसा खाकरला, तो भोंग्यातून तापीपार गेला. मग मी वाचलं. दोन-तीन परिच्छेद कसेबसे गेले. मग आलं ते.

'गुरुवर्य, होळीस आपले डोंगराकडील विद्यार्थी पंधरा-पंधरा दिवस काठीस जातात. त्यांची नावे पटावरून जाऊ नयेत म्हणून आपण त्यांची हजेरी स्वहस्ते मांडता, तिच्याखाली शिसपेन्सिलीचे टिंब देता, आणि रविवारी त्यांचा एकेक दिवस भरून काढून ते टिंब पुसता. धन्य ते टिंब! धन्य तो खोडरबर!'

टाळ्या. अशा टाळ्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. बायका वाजवत होत्या, झोके सोडून आलेल्या पोरी वाजवत होत्या, सालदार उभे राहून वाजवत होते. मी मान वर करून गुरुजींकडे पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या डबीकडे गेला आणि तिथेच राहिला. दिपोटी साहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, आणि परत घातला नाही. दित्या ढोलावर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होता. तरी उरलेलं पाऊण पान मी वाचलं. शेवटी 'हीच प्रभुचरणी प्रार्थना'ही म्हटलं.

साहेब फार थोडं बोलले, चांगलं बोलले. मग त्यांनी नव्या खोलीत आबांना, गुरुजींना आणि मला बोलावलं. खोलीला अजून चुन्याचा वास येत होता.

"पाटील, मानपत्र कोणी लिहिलं?"

"मन्हा पोऱ्यानी, साहेब!" आबांची छाती अजून फुगलेलीच.

"अक्षर चांगलं आहे." साहेब बाकावर बसले. "बाळ, चार वर्षं मी ही शाळा तपासतोय. हजेरीपटाचं पान खिडकीशी धरलं की खोडलेल्या जागा चमकतात. चारही वर्षं मी खिडकीकडे पाठ करून बसलो. आता चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्यात. वर काय कळवू, मला ऐकू येत नाही म्हणून?"

आबांचा चेहरा मी उतरताना पाहिला. ते म्हणाले, "साहेब, पोऱ्या शे. चुकी ग्या. कागद फाडी टाकूत."

"कागद फाडता येईल. पुढच्या रांगेनं ऐकलंय ते कसं फाडू?"

गुरुजी म्हणाले, "साहेब, पोरांचे दिवस भरलेले आहेत. एक ना एक."

"मला माहीत आहे, गुरुजी," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका दमलेला होता की मला वाटलं हे आता इथंच आडवे होतात. "पण रजिस्टरला रविवार माहीत नसतो."

जेवणं झाली. ती व्हायचीच होती, मांडे केलेले होते. गुरुजी आमच्या ओसरीवर जेवायला बसले आणि रस मी वाढला. माझ्या हातून तो त्यांच्या नव्या शालीवर सांडला. त्यांनी ती घडी करून बाजूला ठेवली. जेवण होईस्तोवर ते एकच वाक्य बोलले, तेही मायला. "बाई, मांडा झकास व्हयना." माय पदर तोंडाला लावून आत गेली. मला ती तेव्हाही काही बोलली नाही, नंतरही कधी नाही. बोलली असती तर सोपं गेलं असतं.

आषाढात हुकूम आला. खोटी हजेरी असा शेरा, आणि बदली मोलगीच्याही पलीकडे, एका पाड्यावरच्या एकमास्तरी शाळेवर. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. अकरा पोरांची नावं त्याच आठवड्यात पटावरून गेली. त्यात दित्याचा धाकटा भाऊ सामा होता, तिसरीतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाढे सुरू झाले तेव्हा तो आमच्याच म्हशींच्या मागून नदीकडे चालला होता, आणि चालता चालता तेराचा पाढा म्हणत होता. काकूंच्या गुडघ्यांना डोंगर झेपणार नव्हता, म्हणून त्या भावाकडे गेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात दोघं पहिल्यांदा वेगळे झाले, ते माझ्या निबंधामुळे. ज्या गाडीतून गुरुजींना मिरवलं, तिच्यातूनच त्यांना एस.टी.पर्यंत सोडलं. बैलांच्या शिंगांवर बेगडाचे तुकडे अजून चिकटून होते. मी ट्रंक चढवली. वळकटीत बांधलेलं मानपत्र पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "गुरुजी, हाई कसाले?"

"काच चांगली शे," ते म्हणाले.

आबांनी साहेबांकडे खेटे घातले, अर्ज केले, अंगठे गोळा केले. काही झालं नाही. दिवाळी झाल्यावर मायनं ज्वारीचे बिबडे, पापड आणि काकूंनी धाडलेली लोकरीची टोपी एका पिशवीत भरली, पिशवी माझ्या हातात दिली, आणि दित्याला म्हणाली, याले मास्तरकडे लई जाय. अक्कलकुव्याला एस.टी. सोडली. पुढे मोलगीपर्यंत जीपच्या टपावर, कोंबड्या आणि मिठाच्या गोण्यांच्या मधे. पुढे पायी. चढावर माझा श्वास फुलला की दित्या थांबायचा, पण पिशवी घ्यायचा नाही. वाटेत सगळीकडे साग, वाळली पानं, आणि आमच्या पायांचा करकर आवाज. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आठे वाघ शेतस का रे?"

"शेतस," दित्या म्हणाला. "पन त्या मानपत्र नही लिखतस."

पुढच्या चढावर तोच म्हणाला, "तू मास्तरले ववाळं नही, यशवंता. धरी दिनं, चोरले देतस तसं." रागानं नाही, नुसतं, कोणता डोंगर कोणता ते सांगावं तसं. आणि मग त्यानं पिशवी घेतली.

शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक झोपडी. आत अंधार असायला हवा होता, पण नव्हता. पूर्वेच्या कुडात एक चौकोन कापून गुरुजींनी त्यात काच बसवली होती. त्या उजेडात भिंतीवर एक मोठा जाड कागद टांगलेला. त्याच्यावर अ ते ज्ञ, आणि प्रत्येक अक्षराशेजारी त्या पोरांच्या बोलीतल्या कोणत्या ना कोणत्या वस्तूचं चित्र. कागद ओळखीचा वाटला. वाऱ्यानं कोपरा उलटला तेव्हा मागच्या बाजूला माझं वळणदार अक्षर दिसलं. गुरुजी आणखी वाळले होते. त्यांनी टोपी घातली, काढून तिचा वास घेतला, परत घातली. काकू कशा आहेत विचारलं. बिबड्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मग शाळेची वेळ झाली, आणि उंबऱ्याच्या आत येऊन ते पुस्तकी मराठीत म्हणाले, "यशवंता, आज हजेरी तू घे."

मी हजेरीपट उघडला. एकेक नाव वाचत गेलो. पोरं मोठ्यानं 'हजर' म्हणून हसत होती, माझ्या उच्चाराला. सात पोरं नव्हती. "मोलगीच्या बाजाराला गेलीत," गुरुजी म्हणाले. मी दौतीत टाक बुडवला आणि 'गै' लिहायला हात नेला. तेव्हा माझ्यासमोर एक शिसपेन्सिल आली. गुरुजींच्या दोन बोटांत धरलेली, टोक माझ्याकडे. दित्या दारात उभा होता. मी सात रेघा ओढल्या आणि सात टिंबं दिली. एक टिंब रेघेवरच पडलं.

निघताना ते वळणापर्यंत आमच्यासोबत आले. बाहेर आल्यावर अहिराणीत म्हणाले, "यशवंता, आते हाई कोठे लिखू नको, भाऊ."

मी म्हटलं, नाही लिहिणार. शपथ घेतली. दोन वर्षांनी ते तिथूनच निवृत्त झाले आणि काकूंकडे गेले. मी पत्रं पाठवली, ती साधी लिहिली. ज्ञानाचा सागर वगैरे.

पुढे मीही मास्तर झालो. चौतीस वर्षं नोकरी केली. दर होळीला माझ्याही वर्गातली पोरं काठीला जायची, आणि मी माझ्या सुरेख अक्षरात 'गै' लिहीत जायचो, आणि दिवस पुरे झाले की नियमानं नाव कमी करायचो. दरवर्षी म्हणायचो, यंदा पेन्सिल घ्यायची. पेन्सिल खिशात असायची. पण तपासणीचे साहेब डोळ्यांपुढे यायचे, आणि माझ्या नशिबी आलेले साहेब खिडकीकडे पाठ करून बसतील याची खात्री कुठं होती? माझ्या हजेरीपटांत एकही खोडलेली जागा नाही. स्वच्छ आरसा. चौदा शाली त्याच्याच.

परवा त्या तरुण मास्तरांचा फोन आला. मानपत्र फार आवडलं म्हणाले, फक्त एखादं खरं उदाहरण घालता येईल का? त्या बाई पोरांसाठी काहीतरी वेगळंच करतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. मी विचारलं, "बाईंना दाखवलं का?"

"नाही सर, सरप्राइज आहे."

"आधी त्यांना दाखवा," मी म्हणालो. "त्या हो म्हणाल्या तर घाला. नाही म्हणाल्या तर चंदन आहेच." पोरगा हिरमुसला असावा. म्हातारा थकला, असं त्यानं शेजारच्याला सांगितलेलंही मला ऐकू आलं. खरं आहे त्याचं.

फोन ठेवून मी गुरुजींवर लिहून काढलेली ही पानं पुन्हा चाळली. अक्षर अजून बरं येतं. निंबा गुरुजी गेले, साहेब गेले, दित्या गेला, आणि तो हजेरीपट वाळवीनं केव्हाच खाल्ला असेल. आता कोणाचं नुकसान होणार नाही, असं मी स्वतःला समजावतो आहे. पण असं तर मी तेव्हाही समजत होतो. उद्या पुतण्या ही पानं छापखान्यात नेऊन देईल. हेही पुन्हा गुरुजींना न दाखवताच.